तीनशे मीटर

खैरनार साहेब म्हणाले, शाळा घ्या, त्यांना वर्तुळं द्या.
घेतल्या. सिडकोतल्या, सातपूरच्या,
पंचवटीतली ती जिन्याखालची बालवाडीसुद्धा,
जिच्या पाटीवर ससा आहे आणि सशाला एकच कान.
प्रत्येकीभोवती तीनशे मीटर,
लाल, पन्नास टक्के पारदर्शक.
मग अंगणवाड्या. मग बागा.
मग साहेबांना आठवलं, क्लासेस राहिले की,
आणि एका क्लिकमध्ये कॉलेज रोड
पिकलेल्या गळवासारखा झाला.

शिक्षा भोगून सुटलेल्या सदर इसमाने
(फाइलीत त्याला नाव नाही, सदर इसमच)
राहायचं कुठं,
तर जे पांढरं उरेल तिथं.

उरलं ते असं: गोदावरीचं पात्र,
पाथर्डीच्या कचरा डेपोची मागची बाजू,
म्हसरूळकडची एक द्राक्षबाग, जिच्यात घर नाही,
आणि रुळांलगत अंगठ्याएवढी पट्टी.
नाशिकरोडचा तुरुंगही लालच निघाला.
भिंतीपलीकडे शाळा.
साहेब हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

दुपारी चहा येईना, म्हणून दुसरी यादी उघडली,
जुन्या निकालांतले पत्ते.
आरोपी राहायचा तो एक ठिपका,
मूल राहायचं तो एक.
मशीनला म्हटलं, मध्ये रेघ ओढ आणि मोज.
एकेचाळीसपैकी सव्वीस रेघा उमटल्याच नाहीत.
वाटलं, डेटा खराब असेल.
पुन्हा चालवलं.
लांबी शून्य. शून्य. चार मीटर, म्हणजे एक जिना.
शून्य.
साहेब मागून म्हणाले, हा लेअर बंद करा,
प्रिंट स्वच्छ यायला हवी.

मंगळवारी इंदुमती गांगुर्डे आल्या.
हातात आमचंच पत्र, घडीवर तेलाचा डाग.
नकाशा बघू म्हणाल्या. दाखवला.
पांढऱ्यावर बोट ठेवून विचारलं,
इथं सिटी बस जाते का?
नाही जात.
मग लालमध्ये स्वतःची गल्ली शोधत बसल्या,
चष्मा नव्हता आणलेला.
सापडली तेव्हा बोट उचललं नाही.
शाळेपासून तीनशे लिहिलंय, म्हणाल्या.
भाऊ माझा आहे. पोरगीही माझीच.
घरापासून किती, ते कुठल्या पानावर?

मी पत्र उलटं करून पाहिलं.
मागची बाजू पांढरी होती.