रिकामा काटा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सत्तूमामाच्या शेडमध्ये
सुताच्या पेटीवर बसून मी एक प्रोग्राम लिहीत होतो.
तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुण्याहून सेकंडहँड आणलेला,
करड्या पडद्याचा, दोन बारक्या सेलांवर चालणारा.
समोर मामाचा नवा वजनकाटा.
त्याच्या पाठीला नऊ पिनांचं एक तोंड होतं
आणि ते अजून कुणाशी बोललेलं नव्हतं.

मामा म्हणालेला, वही नको, खाडाखोड नको,
आकडा काट्यावरून थेट तुझ्या डबीत यायला पाहिजे.
मी म्हटलं, बघतो जमतंय का.
फाइलला नाव दिलं: प्रयोग एक.

तीन दिवस काहीच आलं नाही.
वेग बदलून पाहिला, चोवीसशे, अठ्ठेचाळीसशे, शहाण्णवशे.
सम म्हटलं, विषम म्हटलं, काहीच नको म्हटलं.
बत्तीस माग चालू, पत्र्याची भिंत थरथरतेय,
आणि माझ्या पडद्यावर एक कर्सर
उघडमीट, उघडमीट.

राजमल्लू एकोणतीस वर्षं मागावर. कान कधीच गेलेत.
तसंही शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही:
आधी खांद्यावर दोन बोटं,
मग समोरचं तोंड वळेपर्यंत थांबायचं,
मगच ओठ हलवायचे.
जेवणाच्या सुट्टीत त्यानं केबल उलटसुलट करून बघितली,
कुठली तार कुठं जाते विचारलं, आणि हसला.
"का बे, तोंडाला तोंड जोडलास की.
तोंड कानाला जोडतेत."

दोन नंबर आणि तीन नंबर.
तारा सोडवल्या, अदलाबदल करून पुन्हा डाख दिला.
आता यायला लागलं, पण कचरा:
चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह, मध्येच एखादा सात,
पुढचा आकडा अर्धा गिळलेला.
"आगु रा," तो म्हणाला, "थांब की.
तू बघितलास का त्याच्याकडं? तू बघायच्या आधीच
बोलालाय ते बिचारं."
म्हणून आणखी एक तार ओढली,
फक्त एवढंच सांगायला, की मी वळलोय, बोल.

मग राजमल्लू चपला काढून काट्यावर उभा राहिला,
देवळात राहावं तसा, हात पोटाशी.
काट्याच्या लाल अक्षरांत एक्कावन्न किलो दोनशे.
माझ्या डबीत तीन ओळी:
एकूण ५१.६००
वजा ०.४००
निव्वळ ५१.२००

मला वाटलं, माझंच काही चुकलं.
त्याला खाली उतरायला सांगितलं.
रिकामा काटा शून्य दाखवत होता, गरीब चेहऱ्यानं,
आणि आतल्या आत पाठीमागून मला सांगत होता
उणे चारशे
उणे चारशे
उणे चारशे

सूत देताना पेटीवरचा छापील आकडा धरतात.
टॉवेलचे गठ्ठे परत घेताना हा काटा.
जी तूट येते ती शनिवारी पगारातून जाते.
हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं,
मामाच्या शेडमधल्या पैशांवरच शिकलोय मी.

राजमल्लूला ऐकू येत नाही, आकडे येतात.
त्यानं पडद्यावर अंगठा ठेवला, उचलला,
चार बोटं वर केली. "नालुगु."
चपला घातल्या आणि गेला,
त्याच्या मागावर बाण्याचा धागा तुटला होता.

संध्याकाळी मामानं दारातून विचारलं, जमलं का रे?
मी म्हटलं, अजून कचरा येतोय.

या असल्या डबीतले सेल काढले, की दोन मिनिटांत
सगळं पुसलं जातं, प्रोग्रामसकट.
नवे सेल खिशात आहेत. जुन्यांत थोडा जीव आहे.
माग बंद झालेत, इतकी शांतता की कान दुखतात,
आणि काट्यावर कुणी नसताना
सेकंदाला एक, ओळीमागून ओळ येतेय.
दारात मामा पाठमोरा उभा आहे,
शटरची किल्ली शोधतोय.