बिनठिपक्याचं

सिनोपच्या बंदरामागे, जाळी विणणाऱ्यांच्या गल्लीत
तुन्जायचं दुकान: होड्यांचे रेडिओ, मेलेले फोन,
आणि एक मांजर, जिच्यात काहीच बिघाड नाही.

नेझाहातबाई हार्ड डिस्क घेऊन आल्या,
ताजा पाव आणावा तशी फडक्यात बांधून.
"वेहबीचं सगळं यात आहे. मला एकच फाइल हवी.
मुलीच्या नावाची."

वेहबी तेहतीस वर्षं बंदर कचेरीत हवामान लिहायचे,
तारेच्या सवयीने सगळं मोठ्या अक्षरांत.
वाण्याची यादीसुद्धा ओरडल्यासारखी.
घरात मात्र कधी आवाज चढला नाही, म्हणाल्या.

"हरकत नाही," तुन्जाय म्हणाला,
"लहान-मोठं बघू नकोस, असं सांगता येतं याला."
आणि त्याने टाइप केलं: इर्माक. म्हणजे नदी.
हा पहिला स्वर मला नीट लिहिताच येत नाही.
इ म्हणावं तर जीभ मागे सरकते,
उ म्हणावं तर ओठ गोल होत नाहीत.

यंत्राने चौसष्ट हजार फायली चाळल्या.
काही नाही.
"पुसली असेल," बाई लगेच म्हणाल्या,
जणू हेच ऐकायची तयारी करून निघाल्या होत्या.

माझ्या लिपीत अक्षरांना थोरलं-धाकटं नाही,
सगळी एकाच दांडीवर वाळत घातलेली;
म्हणून मला उमगायला वेळ लागला.
इथे आय दोन. एक ठिपक्याचा, एक बिनठिपक्याचा,
आणि मोठे झाले तरी ते वेगळेच राहतात.
यंत्र मात्र परमुलखात शिकलेलं.
बिनठिपक्याचं मोठं अक्षर लहान करताना
ते त्याच्या डोक्यावर ठिपका ठेवतं,
शाळेत नव्या पोराला
कुणाचीही टोपी घालावी तसं.

तुन्जायने मान खाजवली. पहिलं अक्षर खोडलं,
त्या जागी प्रश्नचिन्ह.
"इथे कुणीही चालेल."

एक फाइल.

बाईंचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यानेच वाचली,
हळू; आवाजाला कुठे मोठी अक्षरं असतात.

वारा वायव्येचा, चार.
समुद्र मध्यम. दृश्यता चांगली.
पहाटे पाच दहाला मुलगी.
नाव अजून ठरलेलं नाही.

मांजर टेबलावरून उतरलं.
"पाच वीस," नेझाहातबाई म्हणाल्या.
"मी होते तिथे."