डाव्या खांद्याची फाइल

थंडर बे. जानेवारी. सकाळचे साडेआठ.
सरोवरावरचा बर्फ रात्रभर कण्हत होता.
मी आधी तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवते,
मग हात.

फोन वाजतो. मधाळ आवाज:
"मसाजशिवाय आणखी काय काय करता?"
मी माझा नोंदणी क्रमांक सांगू लागते,
सावकाश, एकेक आकडा, पाढे म्हणावेत तशी.
चौथ्या आकड्याला पलीकडून फोन ठेवतात.
सहाव्यापर्यंत टिकलेला कुणी आठवत नाही.

परवाना भिंतीवर आहे, काच कोपऱ्यात तडकलेली.
दोनशे सहा हाडं, प्रत्येक स्नायूचा उगम आणि शेवट,
परीक्षकासमोर पालथा झोपलेला अनोळखी माणूस
आणि घड्याळ.
पाठ मी पाठ केली होती.
पहिल्याच महिन्यात कळलं,
म्हणून दाखवता येते तेवढी ती वाचता येत नाही.

वेइक्को हुह्ताला, वय अठ्ठ्याहत्तर.
बंदरावरच्या धान्याच्या कोठारात बत्तीस वर्षं.
तक्रार: डावा खांदा.
'तातडीच्या वेळी कुणाला कळवावं?'
पेन त्या रकान्यावर बराच वेळ थांबलं,
मग त्याने भिंतीवर पाहून
आमच्याच दवाखान्याचा नंबर उतरवला.

"डाव्या खांद्यावरची चादर खाली करू?"
"करा."
"एवढा दाब चालेल?"
"चालेल."
"आता मानेकडे येते. येऊ?"
तोंड टेबलाच्या पोकळीत, तरी तो हसला.
हसू खाली फरशीवर पडलं.
"बाई, फोरमनने कधी काही विचारलं नाही.
आणि आइली तर
न विचारताच हात ठेवायची."
मग नुसता हीटरचा आवाज.

उपचार खांद्यापुरता ठरलेला, लिहिलेला, सही केलेला.
कातडीला लिहिलेलं वाचता येत नाही.
जिथे माझा हात जाणार नव्हता
तिथलीही वाट बघत होती.

मार्चमध्ये, फऱ्याच्या हाडाखाली,
वाटाण्याएवढं काहीतरी. घट्ट. सरकेना.
माझ्या बोटांना एक शब्द सुचला.
तो उच्चारायचा अधिकार मला नाही.
निदान डॉक्टरांचं, असं कायदा म्हणतो,
आणि खरं सांगते, त्या क्षणी
मला कायद्याचा आधारच वाटला.
"इथे काहीतरी आहे. डॉक्टरांना दाखवा. याच आठवड्यात."
"काय आहे?"
"ते मी सांगू शकत नाही."
शर्टाची बटणं लावताना तो माझ्या हातांकडे पाहत राहिला,
जणू त्यांनाच विचारत होता.

ऑगस्टमध्ये रुग्णालयातून फोन.
तिथेही त्याने तोच नंबर लिहिला होता.
"तुमचं त्यांच्याशी नातं?"
काय सांगणार?
"नोंदणीकृत," म्हणाले.
त्या बाईने ते टाइप केल्याचं ऐकू आलं.

मी गेले. नियमावलीत जा असं नाही,
जाऊ नका असंही नाही.
पेटी चाकांच्या गाडीवर होती.
खांदा द्यायची वेळ कुणावर आली नाही.

फाइल दहा वर्षं कुलपात ठेवायची असते.
आज ती मुदत संपली.
'डावा खांदा ताठ. उपचाराला प्रतिसाद बरा.'
माझंच अक्षर, आतापेक्षा गोल.
हसण्याला रकाना नव्हता, म्हणून तो त्यात नाही.
यंत्राने पानं ओढून घेतली, शेवयांसारख्या पट्ट्या झाल्या.
तातडीच्या वेळचा रकाना मध्येच अडकला,
उलटं बटण दाबून पुन्हा घालावा लागला.

सव्वानऊची बाई बाहेर बूट काढते आहे.
फोन वाजतो.
नंबर अजून तोच आहे.
हात पुसते आणि उचलते.