दोन बोटं गालावर

बारियादीच्या जुन्या जिनात कुणी बोलत नसे.
बोलून उपयोग नव्हता.
छत्तीस रेचे, लँकेशायरात ओतलेले,
हातभर रुंद त्यांचे पट्टे,
सकाळी सहाला सुरू झाले की
माणसाचा आवाज ओठांवरूनच
सरकीसारखा गळून पडायचा.

म्हणून हात बोलायचे.
मनगट फिरवलं म्हणजे रूळ तापलाय, कातडं बदला.
मूठ पोटाशी धरून सोडली म्हणजे
आज दुखतंय, जरा बसू दे.
दोन बोटं गालावर म्हणजे मुकादम येतोय.
हे सगळं मी शिकले बोलायच्या आधी,
आईच्या पाठीला बांधलेली असताना,
तिच्या खांद्यावरून बघत.

तिच्या भुवयांवर रुई असे.
घरी आली तरी ओरडूनच बोलायची.
शेजारी म्हणत, लिमी भांडतेय.
भांडत नव्हती. मीठ मागत होती.

आता तो जिन माझा आहे.
म्वान्झाच्या बँकेनं तीनदा परत पाठवलं,
चौथ्यांदा साहेब म्हणाला, नवऱ्याला घेऊन या.
मी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन गेले.
त्याच्या टेबलावर दोन मुठी कापूस ठेवला,
एक कोरडा,
एक रात्री पाणी मारून वजनाला चढवलेला.
म्हटलं, सांगा, कुठला घ्याल?
त्यानं दोन्ही चाचपले
आणि चुकला.

इझमीरहून यंत्र आलं, दोन ट्रक भरून,
सोबत तुर्गाय नावाचा पोरगेला मेकॅनिक,
चहात चार चमचे साखर घेणारा.
आई चार दिवसांत जेवढी रुई बघायची
तेवढी आता तासाभरात पडते.
गाठीवर पट्टी, पट्टीवर रेघा,
रेघांत शेतकऱ्याचं गाव.
तेलघाणा मागच्या शेडमध्ये, पेंड गुरांना,
धूळ नळीतून बाहेर. खोकला नाही.
कागदावर सगळं बरोबर आहे.
छत्तीस जणींचं काम अकरा जणी करतात,
हेही कागदावर बरोबर आहे.
उरलेल्यांतल्या सहा घाण्यावर, दोघी वजनकाट्याला.
बाकीच्यांचा हिशेब
मी रोज रात्री नव्यानं मांडते.

काल वरच्या काचेच्या खोलीतून पाहिलं.
यंत्र इतकं हळू गुणगुणतं
की शेजारणीची जांभई ऐकू यावी,
तरी त्या अकरा जणी
हातांनीच बोलत होत्या.
काबुलानं वर बघितलं
आणि गालावर दोन बोटं ठेवली.

मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

मग जिना उतरले, हात खिशात घालून.
बाहेर असते
तर काहीतरी बोलून गेले असते.