नर्मदेच्या उत्तर तीरी

मोरेश्वर गुरुजींच्या तोंडी सवयीनं आलं
गोदावर्याः दक्षिणे तीरे,
आणि पळीतलं पाणी माझ्या हातावरच थबकलं.
गुरुजी, नर्मदा. उत्तर तीर.
ते ओशाळून हसले. राक्षसभुवनाहून इंदूरला येऊन
त्यांना उणेपुरे सहा महिने,
आम्हाला पाच पिढ्या.

संकल्प म्हणजे पत्ता रे, दादा सांगायचे.
कुठून बोलतोयस ते आधी कळव:
भरतखंड, नदी, नदीचा कुठला काठ,
संवत्सर, अयन, ऋतू, पक्ष, वार,
गोत्र,
आणि मग तू.
इतकं चालून आल्यावर
'मी' एवढासा उरतो, तिळाएवढा.

आज त्यांचं वर्षश्राद्ध.
सुदामानगरच्या गल्लीतून कचरागाडीचं गाणं गेलं,
ओला वेगळा, सुका वेगळा.
आत केळीच्या पानावर तीन पिंड,
जानवं अपसव्य,
अनामिकेत दर्भाचं पवित्रक,
आणि फाटकाची कडी वाजली.

सरला मालवीय. मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीतली.
काखेत मतदार यादी.
"त्र्यंबक सीताराम धारकर, उम्र बयासी. घर पर हैं?"

गुरुजींनी पिंडांकडे पाहिलं,
मी खाली.

तिची काही चूक नव्हती.
सात नंबरचा फॉर्म तेव्हापासून
फ्रिजवर पडलाय, विजेच्या बिलांखाली.
दादा माघात गेले, वैशाखात मतदान झालं,
त्या संध्याकाळी पानाच्या टपरीवर
वॉर्डातल्या मुन्नानं खांद्यावर हात टाकला:
काकासाब का भी आशीर्वाद मिल गया, भिया.
आणि डोळा मारला.
मी पान चघळत राहिलो.
चुना जास्त झाला होता, एवढंच आठवतं.

मिलमध्ये टाइमकीपर होते दादा.
भोंग्यानंतर एक मिनिट उशिरा आलेला
सख्खा मेहुणाही त्यांनी लाल शाईनं लिहिला.
मामा पुढं कित्येक दिवाळ्या फिरकला नाही.
आजारपणात एकदा विचारलं, पस्तावलात का?
म्हणाले, हजेरी कुणाच्या बापाची नसते.

त्यांची हजेरी
ते गेल्यावर तीन महिन्यांनी
कुणीतरी लावून आलं.
कुणा परक्याच्या तर्जनीवर दादांच्या नावाची शाई,
आणि माझ्या हातात, तर्जनी-अंगठ्याच्या मधून,
त्यांनाच द्यायचं हे पाणी.

उठलो. फॉर्म शोधला. पुन्हा पाटावर बसलो.
गुरुजी, जानवं कसं घेऊ?
हे काम देवांचं की पितरांचं?
त्यांना वेळ लागला. पोथीत नव्हतं ते.
"सव्य देवांसाठी. अपसव्य ह्यांच्यासाठी.
माणसांसाठी निवीती.
गळ्यात घ्या, माळेसारखं."
घेतलं.
सरलाबाईंच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत
अगदी तशीच लोंबत होती.

मग लिहीत गेलो:
राज्य, विधानसभा क्षेत्र, भाग क्रमांक, अनुक्रमांक,
शेवटी नाव. पुन्हा तीच वाट,
लांबून एवढ्याशापर्यंत.
कारण: मृत्यू. नातं: मुलगा.
वैशाखातल्या त्या मतासाठी
रकानाच नव्हता.
म्हणून तोंडानं सांगितलं. मुन्नाचं नाव घेतलं.
माझ्या पानाचंही.

पेनला टोपण लावता लावता ती थांबली.
"लिख के दोगे?"

दारात ऊन चढत होतं. आत भात निवत होता.
गुरुजी म्हणाले, लिहा. पितर थांबतील.

दुसऱ्या कागदावर लिहून दिलं, सहीसकट.
ओल्या हाताचे दोन काळे तीळ
सहीशेजारी चिकटून राहिले.
तिनं ते झटकले नाहीत.
तशीच घडी घातली, यादीत ठेवली,
आणि शेजारच्या फाटकाची
कडी वाजवली.