खरे चाळीस

अंगावर हजार वॅट छापलेले.
लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं त्यावर बोट ठेवलं नाही,
तेवढी लाज राखली.
बत्तीसशे रुपये. वायरी वेगळ्या.

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडात
दस्तगीरनं मीटर लावला, मान हलवली:
"हजार कुठलं गा, आनंदा.
चॅनेलला चाळीस.
पण हाईत ते खरे चाळीस.
एवढं तरी खरं कोण बोलतंय आपल्यात?"

मग ओम्नीच्या सीटखाली चार स्क्रू,
रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ,
आणि गेनचा नॉब नवाच्या काट्यावर.
तिथं त्यानं ठिपका द्यायला लावला,
मालनच्या नेलपॉलिशचा, लाल.
"ह्याच्या म्होरं न्यायचं न्हाई.
म्होरं गाणं नसतंय, नुसता आवाज."

पहिल्या वर्षी काही झालं नाही.
दुसऱ्या वर्षी इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरली,
कात्यायनीच्या चढाला गाणाऱ्या बाईपेक्षा वरच्या पट्टीत.
सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीशेजारून काढून
दस्तगीरनं पलीकडच्या कडेनं नेली.
"भावकी हाय ही. शेजारी निजवली की कुरकुरणार."

एकदा जोतिबावर फ्यूज उडाला.
मेव्हणा म्हणाला, सिगारेटची चांदी गुंडाळ, चालतंय.
नाही गुंडाळली.
डोंगरापासून केर्लीपर्यंत गाडीत गाणं नव्हतं
आणि मालन दोनच वाक्यं बोलली.
दोन्ही माझ्या आईबद्दल.

पुराच्या साली पाणी गल्लीत आलं तेव्हा
रात्री दोन वाजता, बॅटरी तोंडात धरून
मी आधी ते चार स्क्रू काढले,
मग घराचे कागद.
हा क्रम घरात अजून कुणाला माहीत नाही.

ओम्नी गेली. वॅगन-आर आली, तीही जुनीच.
स्पीकरच्या तीन जोड्या फाटल्या.
लेकानं दोनदा नवा दाखवला, मोबाईलवर चालणारा.
मी म्हटलं, ह्याला काय झालंय?
फेटलिंगला एकवीस वर्षं ग्राइंडर धरलेल्या माणसाला
चालू मशीन बदलायला सांगू नये.

पण गेल्या दिवाळीपासून आवाज बसला.
नॉब दहावर नेला. मग साडेदहा.
पाडव्याला बारा.
मालन म्हणायची, हळू करा, डोकं उठलं.
मला वाटायचं, तिचं काहीतरी बिनसलंय.
शेवटी गाडी शेडात घातली:
थकला बघ, दस्तगीर. म्हातारा झाला.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
तोच मीटर लावला.
"चाळीस," म्हणाला. "अजून."

मग फोनवरून एक शिट्टी सोडली, बारीक,
चढत जाणारी.
ऐकू येतंय? येतंय.
आता? येतंय की.
आता?
त्याचा नातू पान्यांशी खेळत होता,
तो कानावर हात दाबून बाहेर पळाला,
आणि मी अजून
सुरू व्हायची वाट बघत होतो.

दस्तगीर काही बोलला नाही.
पुसून पुसून गुलाबी झालेल्या ठिपक्यावर
नॉब परत आणला.
पैसे काढले तर म्हणाला, कशाचे?

घरी जाताना गाडीत तेच जुनं गाणं.
मधली झांज आता नाही.
कडव्यानंतर ती येते, एवढं पाठ आहे.
मी समोर बघायचं सोडून
मालनच्या हाताकडं बघितलं.
डॅशबोर्डवर तिचं बोट
एकदा पडलं, थांबून दोनदा.

"रस्त्याकडं बघा," ती म्हणाली.
हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.