सातवा शब्द

कुताईसीत, हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर
हीटर फक्त ग्वांत्साच्या बाजूने तापतो.
ती मशीनकडून स्टॅटिस्टिक्स सोडवून घेते,
पलीकडच्या खोलीतला लेवानी माफीची पत्रं.
तिसरं पत्र चालू आहे, मुलगी अजून बोलत नाही.

मला हवे होते फक्त शब्द.
आमच्या वरच्या गावात दूध चुलीवर चढल्यापासून
चीज फडक्यात बांधेपर्यंत
त्याला काय काय म्हणतात ते.
भाषाशास्त्राचा पेपर, शुक्रवार, सकाळी नऊ.
आमची बोली मला कळते सगळी,
बोलायला गेले की जिभेवर शाळेतली जॉर्जियन येते.

रात्री दीडला विचारलं.
सात शब्द आले. प्रत्येकापुढे अर्थ,
सातव्यापुढे जरा जास्तच खुलासा :
भांड्याच्या तळाशी शेवटी उरतं ते गढूळ, कोमट पाणी.
अगदी छातीठोक.

सकाळी नाझिब्रोला आत्याला फोन लावला.
गोठ्यात होती. आधी घंटेचा आवाज, मग तिचा.
पहिले पाच, हो.
सहावा, "तो खालच्या गावचा. त्यांना कुठे चीज जमतं?"
सातव्यापाशी थांबली.
"पुन्हा म्हण."
पुन्हा म्हटला.
"कुणी सांगितला?"
पुस्तकात होता, मी म्हटलं.
लोणकढी थाप मशीनची,
वरून तूप माझं.
"नाही गं असा शब्द. त्या पाण्याला कोण नाव ठेवतंय?
ते कुत्र्याला जातं."

सातवी ओळ खोडली.
सहा शब्दांवर पेपर उभा केला.
सोबतच्या छापील फॉर्मवर
'कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे वापरली?' अशी चौकट होती.
बराच वेळ पेन धरून बसले, मग लिहिलं :
जिथे आता काही नाही, तिथे.

रविवारी आत्याचाच फोन.
गाईचा पाय, बंद पडलेला रस्ता,
माझं जेवण, पुन्हा गाईचा पाय.
मध्येच ती आत कुणावर तरी ओरडली,
"बेसो, ओतू नको रे ते"
आणि 'ते'च्या जागी तो शब्द होता.
आमच्या हेलात,
शेवटचा स्वर असा काही लांबवलेला
की तो मशीनला लिहिता आला नव्हता,
मलाही येणार नाही.

मागे कुत्रा भुंकत होता.
मी काही बोलले नाही.
पेपर शुक्रवारीच देऊन झाला होता.